शटर जपू नको, आधी डांबरगोळ्या काढ

प्रश्न: सर नमस्कार. मी गंगाखेड तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो, वय 24, बीए झालंय, घरी शेती आहे. मागच्या वर्षी सेकंडहँड निकॉन डी 7200 घेतला, त्याच्यासोबत 18-140 लेन्स मिळाली. वाढदिवस, डोहाळजेवण, बैलपोळा असे फोटो काढतो, इन्स्टावर लोक भारी म्हणतात. कॅमेऱ्याचं शटर काउंट, म्हणजे आजवर शटर किती वेळा उघडलं तो आकडा, 96 हजार निघालंय आणि दीड लाखाला शटर जातं म्हणतात, म्हणून मी अगदी मोजून फोटो काढतो. काम नसलं की टॉवेलात गुंडाळून कपाटात साड्यांच्या खाली ठेवतो, तिथं डांबरगोळ्या असतात म्हणून कीड लागत नाही. कोपऱ्यावरचा रंग उडालाय, ग्रीपचं रबर सुटलंय, त्यामुळे चारचौघात काढायला लाज वाटते. आता मे महिन्यात पाहुण्यात एक लग्न आहे, ते ऑर्डर देतो म्हणायलेत. एक दाजी म्हणतात फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, घेतल्याशिवाय तू प्रोफेशनल होत नाहीस, अडीच लाखाचं कर्ज काढ. काढू का? आणि मी हौशी आहे का प्रोफेशनल, हे कळायचं कसं?

उत्तर: सगळ्यात आधी उठ, कपाट उघड आणि कॅमेरा त्या डांबरगोळ्यांतून बाहेर काढ, मग पुढचं वाच. आईच्या साड्यांना गोळ्या राहू दे, कॅमेऱ्याची जागा बदल. निकॉनच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय की नॅप्थलीन नाहीतर कापराच्या गोळ्यांजवळ कॅमेरा ठेवू नका, आणि ओल 60 टक्क्यांच्या वर असेल तिथंही ठेवू नका. टॉवेल हा तर ओल धरायलाच बनवलेला असतो, वर त्याचे बारीक तंतू माउंटपाशी, म्हणजे लेन्स बसते त्या कड्यापाशी, जाऊन बसतात. आपल्याकडं उन्हाळ्यात काही होत नाही, हवा कोरडी फटफटीत असते, पण आषाढ-श्रावणात झड लागली की आठ-आठ दिवस कपाटातले कपडे दमट लागतात ना, तीच दमट हवा तुझ्या लेन्सच्या काचांमध्ये शिरते आणि तिथं बुरशी धरते. मोबाईलचा टॉर्च लावून लेन्समधून आरपार बघ, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर समज लागली. थोडी असेल तर साफ होते, पण जास्त दिवस राहिली तर काचेवरचं कोटिंग खाते आणि मग काहीच करता येत नाही. माझी एक 70-200 ची लेन्स अशीच गेली, चामड्याच्या भारी केसमध्ये ठेवलेली, मी आपला खुशीत की चामड्याची केस म्हणजे एकदम सेफ, आणि चामडं सगळी ओल पिऊन बसलेलं.

महागडं ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट, लगेच घ्यायची गरज नाही. घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा घे, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि ओल दाखवणारं एक छोटं मीटर टाक, काटा 40 ते 50 च्या मधे राहिला की झालं. त्याच्याही खाली नेऊ नको, फार कोरडं झालं की रबर आणि लेन्सच्या आतलं ग्रीस सुकतं. निळे दाणे गुलाबी झाले की ओल पिऊन भरले असं समजायचं आणि मंद आचेवर तापवून परत निळे करायचे, फक्त भाकरीच्या तव्यावर तापवू नको, निळ्या रंगात कोबाल्ट असतं, त्याला जुनं वेगळं भांडं ठेव. आणि बराच काळ ठेवून द्यायचा असेल तर सेल काढून ठेव.

आता शटरचं. त्याच मॅन्युअलमध्ये अजून एक गोष्ट आहे, ती तुला वाचून दाखवावी वाटली. कॅमेरा ठेवून दिला असेल तर महिन्यातून एकदा तरी बाहेर काढा, चालू करा आणि दोन-चार वेळा शटर दाबा. म्हणजे बनवणारी कंपनीच म्हणते की दाबा, आणि तू दाबायचं वाचवायलास. दीड लाख हा आकडा खोटा नाही, डी 7200 चं शटर कंपनीनं दीड लाख वेळा टेस्ट केलंय, निकॉनच्याच मोठ्या डी 5 चं 4 लाख वेळा. पण ती काय औषधावरची एक्सपायरी डेट नाही. कुणाचं लाखाच्या आत जातं, कुणाचं दोन लाखाच्या पुढं टकटक चालूच असतं. तुझ्याकडं हिशोबानं 54 हजार शिल्लक आहेत, एका लग्नाचे दोन हजार फोटो धरले तर 27 लग्नं. प्रत्येक लग्नामागं पाचशे रुपये वेगळ्या डब्यात टाकलेस तरी 27 लग्नांत साडेतेरा हजार होतात, आणि शटर बदलता येतं रे, बैल म्हातारा झाल्यावर शेत विकत नसतात. जायला आलं की ते सांगतंही, फोटोचा अर्धा भाग काळा येतो, फास्ट स्पीडला एका बाजूला पट्टा येतो, कधी स्क्रीनवर एरर येते. नुसता आकडा बघून घाबरायचं कारण नाही.

मोजून फोटो काढण्याचं दुसरं नुकसान जास्त मोठं आहे. हात बसत नाही. मी ज्यांच्याकडं शिकलो ते वस्ताद यशिका कॅमेऱ्यावर लग्नाचे फोटो काढायचे, 120 च्या फिल्म रोलमध्ये 12 फोटो, चार रोल म्हणजे अख्खं लग्न. ते मोजून काढायचे कारण रोलला पैसे पडायचे, पण रिकाम्या कॅमेऱ्यावर दुकानात बसून फोकस लावायची प्रॅक्टिस ते रोज करायचे, येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यावर. तुला तर क्लिक फुकट आहे. रोज पन्नास फोटो काढ, गोठ्यात संध्याकाळी, चुलीपुढं, पळणाऱ्या पोरांचे, आणि डिलीट कर. शटर तिथं झिजू दे.

रंग उडाला म्हणून लाज कशाची वाटते? बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांचं वरचं झाकण पितळेचं असायचं, वरचा काळा रंग घासून घासून कोपऱ्यांना पिवळं पितळ दिसायचं, आणि आम्ही पोरं वस्तादच्या कॅमेऱ्याचं ते पितळ बघून मनात म्हणायचो आपला कधी असा होईल. निकॉनच्या ग्रीपचं रबर घामानं आणि हाताच्या तेलानं फुगून सुटतं, ते नवीन मिळतं, चिकटवून घे, विषय संपला. पण झीज वेगळी आणि हेळसांड वेगळी हे मात्र नीट समजून घे. हात जिथं लागतो तिथं घासलेलं, पट्टा जिथं बसतो तिथं गुळगुळीत झालेलं, ही झीज. पुढच्या काचेवर शर्टानं पुसल्याचे ओरखडे, बिनकॅपचा माउंट, कार्डाच्या खणात वाकलेली पिन, ही हेळसांड. सेकंडहँड घेताना मी बाहेरचा रंग बघतच नाही, माउंट बघतो, काच बघतो, खण उघडून बघतो. कॅमेरा चकाचक आणि काच खरवडलेली असे पण लई भेटतात, पट्ट्यावर अजून कंपनीची घडी आणि मालक लेन्सवर हाः करून बनियनला पुसणारा.

पुसायची रीत एकदाच सांगतो. आधी ब्लोअरनं, म्हणजे हवा मारायच्या रबरी फुग्यानं, धूळ उडवायची, मग मऊ ब्रश, मग मायक्रोफायबर कापड, त्यानं नाही निघालं तरच लेन्सचं लिक्विड, ते पण कापडावर टाकायचं, काचेवर नाही. धूळ असताना पुसलं की ती धूळच पॉलिश पेपरचं काम करते, आणि आपल्या काळ्या मातीची धूळ तुला माहितीय कशी चिकट असते. सेन्सरवर, म्हणजे आत फोटो टिपणाऱ्या भागावर, डाग आहेत का बघायचं तर लेन्सचं तोंड बारीक करून, एफ 16 नाहीतर 22 ला, मोकळ्या आभाळाचा फोटो काढ, काळे ठिपके दिसतील. तिथं तोंडानं फुंकू नको, थुंकी उडते. डब्यातली प्रेशरची हवा पण नको. ब्लोअरनं नाही गेले तर दुकानात दे.

आता तुझा मेन प्रश्न, हौशी का प्रोफेशनल. पैसे घेतले की प्रोफेशनल असं लोक म्हणतात, ते तसं बरोबरच आहे पण त्यानं तुला काही कळणार नाही. मी माणूस ओळखायचा असला की त्याचे चांगले फोटो बघतच नाही. चांगले फोटो हौशी माणसाचे प्रोफेशनलपेक्षा भारी असतात, खरंच सांगायलो, कारण हौशी माणूस जायकवाडीला रोहित पक्ष्यांसाठी तीन सकाळी थंडीत बसून राहू शकतो, उजेड नाही आवडला तर घरी येऊन झोपू शकतो, शंभरातला एक दाखवतो आणि नव्याण्णव कुणाला दिसत नाहीत. मला ती मुभा नाही. अंतरपाट दुपारी 12 वाजून 35 मिनिटांनी खाली जाणार म्हणजे जाणार, ऊन डोक्यावर, मांडवाचं कापड लालभडक, नवरदेवाच्या तोंडावर लाल उजेड आणि नवरीच्या तोंडावर मुंडावळ्यांची सावली, मामा मधेच मोबाईल घेऊन उभा. त्या सेकंदाला माझ्याकडून जो काही वाईटात वाईट फोटो निघेल तो तरी अल्बममध्ये लावण्यासारखा पाहिजे. लोक त्याचेच पैसे देतात. तुझा सगळ्यात भारी फोटो किती भारी आहे याच्याशी त्यांना घेणं नाही, तुझा सगळ्यात खराब फोटो किती खराब असतो ते बघ. तिथं तू कुठं उभा आहेस ते तुझं तुलाच कळेल, दाजीला विचारायची गरज नाही.

आणि वाईट फोटो वर आणायचा असेल तर तो कॅमेऱ्यानं कमी आणि तयारीनं जास्त येतो. आदल्या दिवशी मांडव बघून यायचा. कापड रंगीत असेल तर फ्लॅश वर मारून उजेड खाली आणायचा नाही, सगळी वऱ्हाडी मंडळी कावीळ झाल्यासारखी नाहीतर डाळिंबासारखी दिसतात. एलईडीचा उजेड असेल तर शटर स्पीड सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास ठेवून बघायचं, आपल्याकडं लाईट 50 हर्ट्झची, फास्ट शटरला फोटोत पट्टे येतात. नवरा-नवरीच्या घरातल्या कुणालातरी धरून नावं विचारायची, आजी कोणती, चुलते कोणते, कोण रुसलंय, कुणाचा फोटो काढला नाही तर महिनाभर फोन येतील.

म्हाताऱ्या माणसांचं तर मी पोरांना दम देऊन सांगतो. मांडवात जेवढी म्हातारी माणसं आहेत तेवढ्यांचा प्रत्येकाचा एक सरळ, डोळे उघडे, फोकसमधला फोटो पाहिजेच, कुणी सांगो न सांगो. कारण माझ्या स्टुडिओत लग्नाचा जो फोटो लोक परत परत मागायला येतात तो सप्तपदीचा नसतो. 'त्या लग्नात आबा खुर्चीवर बसलेले होते बघा, तेवढा मोठा करून द्या, परवा दहावा आहे.' हार घालायचा फोटो आपण लग्नातच काढून ठेवलेला असतो, फक्त त्या दिवशी कुणाला माहीत नसतं.

एकदा एक पोरगी 11 वर्षांनी आली, तिच्या लग्नात आई पंगतीत वाढत होती, तो एक फोटो पाहिजे होता. अल्बममध्ये नव्हता, पण काढलेला मला आठवत होता. डाटा मी जागा करायला उडवून टाकलेला. तिला काय सांगू, चहा पाजला आणि सॉरी म्हणलो. त्या दिवसापासून दोन हार्ड डिस्क, एक स्टुडिओत, एक घरी. दोन्ही एकाच ठिकाणी ठेवून उपयोग नाही. आपल्या अजिंठ्याचंच बघ, रॉबर्ट गिल नावाच्या साहेबानं 1844 पासून वर्षानुवर्षं लेण्यात बसून चित्रांच्या नकला केल्या, त्या लंडनला क्रिस्टल पॅलेस नावाच्या प्रदर्शनाच्या इमारतीत लावल्या आणि 1866 च्या आगीत त्यातल्या बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या आर्ट स्कूलच्या ग्रिफिथ्सनं पोरं घेऊन 1872 पासून तेच काम परत केलं, त्या नकला पण लंडनलाच पाठवल्या आणि 1885 च्या आगीत त्यातल्या बऱ्याच गेल्या. दोनदा! मूळ चित्रं तिकडं भिंतीवर होती म्हणून बरं, लग्नाला मूळ कुठं असतंय.

यावरून तुझ्या कॅमेऱ्याकडं ये. डी 7200 मध्ये दोन कार्डांचे खण आहेत. सेटिंगमध्ये जाऊन दुसरं कार्ड बॅकअपला लाव, म्हणजे प्रत्येक फोटो दोन्हीकडं जाईल. एक कार्ड रात्री तुझ्या खिशात, एक घरी. आता दाजीचा फुल फ्रेम बघ, कॅननचा आरपी 2019 ला आला, फुल फ्रेम आहे, हलका आहे, फोटो छान येतात, आणि कार्डाचा खण एकच. फुल फ्रेम म्हणजे सेन्सर मोठा, अंधारात एखादं पाऊल पुढं, मागचं जास्त ब्लर होतं, एवढंच. तुझ्याकडं जे आहे त्यानं लग्न होतं. तुझी अडचण लेन्सची आहे, 18-140 झूम केली की एफ 5.6 वर जाते, म्हणजे उजेड कमी घेते, आणि संध्याकाळच्या वरातीत तिला दिसत नाही. सेकंडहँड 35 नाहीतर 50 एमएमची एफ 1.8 लेन्स घे, एक फ्लॅश घे, दोन जादा सेल, दोन चांगली कार्डं. अडीच लाखाचं कर्ज काढू नको. आपल्याकडं तिथी असतात तोपर्यंत काम असतं, आषाढात सगळं बंद, मग तुळशीचं लग्न होईपर्यंत आपण मोकळे, आणि बँकेचा हप्ता चातुर्मास पाळत नाही.

कर्जाऐवजी दुसरी बॉडी, म्हणजे जादा कॅमेरा आण. विकत नको, भाड्यानं आण, नाहीतर कॅमेरा असलेला मित्र सोबत घे आणि त्याला पैसे दे. माझं एकदा मंगलाष्टका चालू असताना शटर अडकलं, आतला मिरर, म्हणजे सेन्सरपुढचा आरसा, वरच राहिला, गाडीत दुसरा कॅमेरा होता म्हणून वाचलो, पाच मिनिटं उशीर झाला असता तर मला मांडवातच धुतलं असतं. लग्नाला एकच कॅमेरा घेऊन जाणारा माणूस माझ्या लेखी हौशीच, त्याचा कॅमेरा सहा लाखाचा असला तरी.

मे महिन्याचं म्हणून थोडं. कॅमेऱ्यावर 40 डिग्रीपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं आणि आपल्याकडं 43 सहज होतंय. लगेच काही बंद पडत नाही, पण उन्हात उघडा ठेवू नको, बॅगवर पांढरा रुमाल टाक, बंद गाडीत तर अजिबात सोडू नको. जेवायला बसलास की कॅमेरा कूलरसमोर ठेवशील, सगळे ठेवतात, कूलर ओली हवा फेकतो, लांब ठेव. हळदीला लेन्स बदलायची नाही, जी लावलीय तीच ठेवायची, कारण हवेत हळद असते, आणि झूम पुढं-मागं केली की लेन्स पण ती हवा आत ओढते. माळेगावच्या यात्रेत भंडारा उधळताना काढलेस तर कळेल, घरी आल्यावर झूमच्या रिंगमधून पिवळं निघतं. पुढं फिल्टर लाव, वरून प्लास्टिकची पिशवी रबर लावून बांध, दिसायला येड्यासारखं दिसतं, दिसू दे. आणि वरातीत डीजेवर लेझर असेल तर त्याच्या तोंडावर कॅमेरा धरू नको, लेझर सरळ लेन्समध्ये आला की सेन्सर जळतो, कायमची रेघ उमटते. फोटो काढताना मिरर क्षणभरच वर जातो म्हणून थोडा बचाव आहे, पण व्हिडिओ चालू असला की सेन्सर उघडाच असतो. हा एक फटका शटर जाण्यापेक्षा महाग आहे आणि याची काळजी कुणी करत नाही.

राहिलं पैशाचं. पाहुण्याचं लग्न आहे म्हणून फुकट करू नको, आणि 'बघू नंतर' तर नकोच नको. साध्या कागदावर लिही, किती फोटो, करिझ्मा (छापील पानांचा) अल्बम किती पानांचा, किती दिवसात, किती पैसे, आणि सही घे. आधी थोडा विसार, लग्नाच्या दिवशी थोडे, उरलेले अल्बम हातात द्यायच्या आधी. दुसऱ्या माणसाचा आणि भाड्याचा खर्च त्यात धर. पाहुणे दोन दिवस नाराज होतील, अल्बम बघून विसरतील. आणि दिलेली तारीख पाळ. मराठवाड्यातले अर्धे फोटोग्राफर फोटो खराब म्हणून नाही, बारशापर्यंत लग्नाचा अल्बम आला नाही म्हणून शिव्या खातात, त्यात मी पण दोन-तीन वेळा होतो.

तर ऑर्डर घे. लग्न झाल्यावर मला फोटो पाठव, पण तुझे आवडते पाठवू नको, ते मी इन्स्टावर बघेन. अल्बमला द्यायला निवडलेल्यांपैकी सगळ्यात खराब वीस पाठव.